हाडाची हांक आणि स्नायूचें उत्तर

मनुष्याच्या पायाविषयीं सर्वसाधारण समजूत अशी असते कीं, हाड म्हणजे खांब आणि स्नायु म्हणजे त्या खांबाला बांधलेला दोर. दोर ओढला कीं खांब हलतो. खांबाला स्वतःची इच्छा नाहीं, ज्ञान नाहीं आणि दोराला आज्ञा करण्याचा अधिकार तर मुळींच नाहीं. शरीरशास्त्राचीं प्राथमिक पुस्तकें बहुधा असेंच शिकवीत आलीं आहेत. परंतु वैद्यकाच्या इतिहासांत गेल्या दीडशें वर्षांत एक प्रश्न पुनःपुन्हां उभा राहिला. पायाच्या हाडाला धक्का बसून तें थरारलें, तर स्नायु आपण होऊन कां आखडतो? ती थरथर त्याला कळते कशी, आणि कळविणारा कोण? या साध्या दिसणाऱ्या प्रश्नापायीं मोठमोठ्या पंडितांत वाद माजले, तऱ्हेतऱ्हेचीं यंत्रें निघालीं, रोग्यांच्या आशा पल्लवित झाल्या आणि त्यांतल्या कांहीं फोलही ठरल्या.

या कथेचा आरंभ इ. स. १८७५ सालीं जर्मनींत झाला. हायडेलबर्ग येथील विल्हेल्म एर्ब आणि बर्लिन येथील कार्ल वेस्टफाल या दोघां डॉक्टरांनीं एकाच वर्षीं, एकाच नियतकालिकांत, एकमेकांपासून स्वतंत्रपणें केलेलें एकच निरीक्षण प्रसिद्ध केलें. मनुष्याला पाय लोंबते ठेवून बसवावें आणि गुडघ्याच्या वाटीखालच्या कंडरेवर, म्हणजे मांडीचा स्नायु ज्या चिवट पट्ट्यानें नडगीच्या हाडाला जोडलेला असतो त्या पट्ट्यावर, हलकासा आघात करावा. पाय ताडकन् पुढें उडतो. त्या मनुष्याची इच्छा असो वा नसो, उडावयाचा तो उडतोच.

पाहिलेली गोष्ट एक, पण तिचा अर्थ लावतांना दोघांच्या वाटा फुटल्या. एर्ब यांचें म्हणणें असें कीं, ही प्रतिक्षिप्त क्रिया होय. आघाताची वार्ता संवेदना नेणाऱ्या मज्जातंतूनें पाठीच्या कण्यांतील पृष्ठरज्जूकडे जाते आणि तेथून निघालेली आज्ञा दुसऱ्या मज्जातंतूनें स्नायूकडे परत येते. वेस्टफाल यांना हें पटेना. कंडरा ताणली जातांच तिचा धक्का व थरथर थेट स्नायूंत शिरते आणि स्नायु जागच्या जागींच आखडतो. त्यासाठीं पृष्ठरज्जूपर्यंत निरोप नेण्याची गरजच काय, असा त्यांचा प्रश्न होता.

वरवर पाहतां हा निव्वळ शब्दांचा वाद वाटेल. पण त्यावर पुष्कळ कांहीं अवलंबून होतें. एर्ब यांचें म्हणणें खरें असेल, तर गुडघ्यावरचा आघात म्हणजे पृष्ठरज्जूच्या दारावरची थाप ठरते. आंतला धनी जागा आहे कीं नाहीं हें शरीराला शस्त्र न लावतां बाहेरूनच समजतें. आणि पुढें प्रत्यक्षांत तसेंच झालें. उपदंशाचें विष वर्षानुवर्षें शरीरांत राहून पृष्ठरज्जूचा मागचा भाग नासविणारा ‘टेबीज’ नांवाचा रोग त्या काळीं युरोपांत फार होता. त्या रोग्यांना आपला पाय कोठें पडतो हें कळत नसे. ते जमिनीकडे डोळे लावून पाय आपटीत चालत आणि अंधार पडला कीं तोल जाऊन कोसळत. अशा रोग्यांच्या गुडघ्याचा हा झटका रोगाच्या आरंभींच नाहींसा होतो, असें १८७८ सालीं दाखवून दिलें तें खुद्द वेस्टफाल यांनींच. ज्याचा अर्थ त्यांनीं वेगळा लावला होता, त्याच झटक्याला डॉक्टरांच्या हातांतील बहुमोल कसोटी बनविण्याचें श्रेयही अशा प्रकारें त्यांच्याकडेच जातें.

हा वाद मिटावयाचा कसा? त्याला न्यायाधीश एकच होता, तो म्हणजे काळ. मज्जातंतूंतील निरोप क्षणार्धांत पोंचतो अशी पूर्वीं कल्पना होती. पण १८५० सालीं हेल्महोल्ट्झ यांनीं बेडकाच्या मज्जातंतूवर प्रयोग करून दाखविलें होतें कीं, त्या निरोपालाही वेळ लागतो व त्याची गति सेकंदास सुमारें २५ ते ३० मीटर एवढीच असते. तेव्हां आघात आणि झटका यांमधील वेळ नेमका मोजला, तर निरोप पृष्ठरज्जूपर्यंत जाऊन आला कीं नाहीं हें ठरविणें शक्य होतें. परंतु त्या काळचीं साधनें स्थूल होतीं. तरफा, कागद गुंडाळलेलीं फिरतीं नळकांडीं आणि त्यांवर उमटणाऱ्या रेघा यांवर सगळी भिस्त होती. लंडन येथील ऑगस्टस वॉलर यांनीं १८८० सालीं मोजमाप करून असा निष्कर्ष काढला कीं, हा अवधि इतका थोडा आहे कीं तेवढ्यांत पृष्ठरज्जूची फेरी होणें नाहीं. साक्षीदार प्रामाणिक होता, पण त्याचें घड्याळ अपुरें होतें.

पुढें स्नायूंत उत्पन्न होणारी सूक्ष्म विद्युत् टिपणारीं यंत्रें निघालीं, तेव्हां हा निवाडा बदलला. १९११ सालीं जॉली यांनीं अशा यंत्रानें दाखविलें कीं, गुडघ्याच्या झटक्याचा निरोप पृष्ठरज्जूंत जातो खरा, पण तेथें फारच अल्प काळ थांबतो. याचा अर्थ असा कीं, येणारा तंतु व जाणारा तंतु यांच्यामध्यें एकच सांधा असला पाहिजे. १९४३ सालीं न्यूयॉर्क येथील डेव्हिड लॉइड यांनीं ही गोष्ट निर्विवाद सिद्ध केली. मनुष्याच्या मांडीपासून पृष्ठरज्जूपर्यंत आणि परत, ही सारी फेरी सेकंदाच्या सुमारें पन्नासाव्या भागांत पुरी होते. एर्ब यांची सरशी झाली, पण ती अडुसष्ट वर्षांनीं.

हा वाद चालू असतांच पॅरिस येथें कंपाची कथा एका निराळ्या मार्गानें पुढें जात होती. साल्पेत्रिएर रुग्णालयांतील विख्यात डॉक्टर शार्को यांच्या लक्षांत आलें कीं, कंपवाताचे रोगी आगगाडीचा किंवा घोडागाडीचा लांबचा प्रवास करून आले म्हणजे त्यांना बरें वाटतें. निरोगी मनुष्य ज्या हादऱ्यांनीं आंबून जातो, त्याच हादऱ्यांनीं या बिचाऱ्यांचें जखडलेलें अंग मोकळें होई. शार्को यांनीं विजेनें हादरणारी एक खुर्ची तयार करविली, रोग्यांना तिच्यावर रोज बसविलें आणि १८९२ सालीं या उपचाराचें वर्णन प्रसिद्ध केलें. त्यांचे शिष्य जिल द ला तूरेत यांनीं तर डोक्यावर घालण्याचें कंप पावणारें शिरस्त्राणही काढलें. पुढच्याच वर्षीं शार्को वारले. त्या खुर्चीची खरी परीक्षा होण्यास एकशें वीस वर्षें लागलीं. २०१२ सालीं शिकागो येथील संशोधकांनीं कंपवाताच्या कांहीं रोग्यांना हादरणाऱ्या खुर्चीवर व कांहींना तशाच, पण न हादरणाऱ्या खुर्चीवर बसवून पाहिलें. दोन्ही गटांतील रोग्यांना बरें वाटलें, आणि दोन्ही गटांत फरक म्हणण्यासारखा आढळला नाहीं. आराम खरा होता. पण तो कंपाचा होता असें सिद्ध होईना.

दरम्यान मूळ प्रश्नाचें एक अंग उजेडांत येत होतें. थरथर जाणणारें इंद्रिय स्नायूंत आहे तरी कोठें? १८६३ सालींच जर्मन शास्त्रज्ञ क्यूने यांनीं स्नायूंच्या तंतूंमध्यें दडलेल्या, मध्यें फुगीर व दोन्ही टोकांना निमुळत्या अशा बारीक रचना पाहून त्यांना ‘चाती’ हें नांव दिलें होतें, कारण आकार सूत कातण्याच्या चातीसारखाच. त्यांचा उपयोग काय हें मात्र कोणास ठाऊक नव्हतें. १८९४ सालीं इंग्लंडांत चार्ल्स शेरिंग्टन यांनीं दाखविलें कीं, या चातींना संवेदना नेणारे मज्जातंतु येऊन मिळालेले आहेत. म्हणजे स्नायु हा केवळ हुकमाचा ताबेदार नसून त्याच्या पोटांत वार्ताहरही बसलेले आहेत. पुढें १९२४ सालीं शेरिंग्टन व लिडेल यांनीं मांजराच्या मांडीच्या स्नायूवर प्रयोग करून सिद्ध केलें कीं, स्नायु किंचित् जरी ताणला गेला तरी तो त्या ताणाला उलट ओढून उत्तर देतो. मनुष्य उभा राहतो तो याच आधारावर. गुडघा किंचित् वांकूं लागला कीं मांडीचा स्नायु ताणला जातो, चाती वार्ता देते आणि स्नायु आखडून गुडघा पुन्हां सरळ करतो. मनुष्याला त्याचा पत्ताही नसतो.

येथवरच्या कथेंत हाड मागेंच राहिलें होतें. परंतु डॉक्टरांच्या अनुभवाला एक कोडें नेहमीं येत असे. आघात कंडरेवर न करतां नुसत्या हाडावर केला, तरीही स्नायु उसळतो. ज्या रोग्याचे स्नायु पृष्ठरज्जूच्या अथवा मेंदूच्या विकारानें ताठलेले असतात, त्याच्या एका गुडघ्यावर ठोकलें असतां दुसऱ्या मांडीचे आंतले स्नायूही आखडतात. हाडावर जें पातळ पण संवेदनाक्षम वेष्टण असतें, तेंच ही वार्ता देत असावें असें मानून जुन्या डॉक्टरांनीं या झटक्यांना त्या वेष्टणाचेंच नांव देऊन टाकलें. नांव दिलें म्हणजे कारण कळलें असें मानण्याची खोड वैद्यकालाही आहे.

या कोड्याची उकल १९६५ सालीं ऑस्ट्रेलियांतील जेम्स लान्स व डी गेल यांनीं केली. हाडावर आघात झाला म्हणजे त्याची थरथर त्या जागीं थांबत नाहीं. ती लाटेसारखी हाडांतून दूरवर पसरते. नडगीवरून मांडीच्या हाडांत, तेथून कमरेच्या हाडांत आणि कमरेच्या हाडांतून पलीकडच्या पायांतही ती उतरते. वाटेंत ज्या ज्या स्नायूला ती हादरविते, त्या त्या स्नायूंतील चाती जागी होते आणि स्नायु आपापलें उत्तर देतो. निरोगी मनुष्यांत हीं उत्तरें क्षीण असतात म्हणून दिसत नाहींत; ताठलेल्या पायांत तीं उघड दिसतात. लांब लोखंडी रुळाच्या एका टोकाला हातोडा मारावा आणि दुसऱ्या टोकाला कान लावणाऱ्याला तो ऐकूं यावा, तशांतलाच हा प्रकार आहे. यांत ऐकणारें इंद्रिय हाडाच्या वेष्टणांत नसून स्नायूंत होतें. हाड हें नुसतें निरोप वाहणारें होतें.

आणि या ठिकाणीं त्या जुन्या जर्मन वादाचा एक निराळाच अर्थ लागतो. थरथर थेट स्नायूपर्यंत जाऊन पोंचते हें वेस्टफाल यांचें म्हणणें खरें होतें, आणि स्नायूचें उत्तर पृष्ठरज्जूच्या अनुज्ञेनें येतें हें एर्ब यांचेंही खरें होतें. एकानें जाण्याची वाट पाहिली होती, दुसऱ्यानें येण्याची.

पुढच्याच वर्षीं, म्हणजे १९६६ सालीं, एकाच आघाताऐवजीं एकसारखा कंप दिला तर काय होतें हें पाहिलें गेलें. स्वीडनमधील उप्साला येथें हागबार्थ व एक्लुंड यांनीं लहानशीं कंपयंत्रें कंडरांवर बांधलीं. दर सेकंदास शंभराच्या आसपास कंप सुरू झाले कीं स्नायु हळूहळू आखडूं लागे, कांहीं सेकंदांत त्याचा जोर वाढे आणि त्याच्या विरुद्ध बाजूचा स्नायु ढिला पडे. लान्स व त्यांचे सहकारी यांनाही तेंच आढळलें, आणि शिवाय एक विलक्षण विरोध दिसला. कंप चालू असतांना स्नायु एकीकडे आखडलेला राहतो. पण त्याच वेळीं कंडरेवर ठोकलें असतां जो झटका यावयाचा तो मंदावतो किंवा अजिबात येत नाहीं. जणूं एकसारख्या कोलाहलांत दारावरची थाप ऐकूं येऊं नये. ऑक्सफर्ड येथील मॅथ्यूज व त्यांचे सहकारी यांनीं मांजरांवरील प्रयोगांत दाखविलें कीं, चातींतील मुख्य तंतु दर सेकंदास पांचशें कंपांपर्यंतही प्रत्येक कंपाला एक अशी वार्ता पाठवूं शकतात.

ही वार्ता केवळ पृष्ठरज्जूपर्यंतच जाते असेंही नाहीं. १९७२ सालीं एक्लुंड यांनीं उभ्या असलेल्या मनुष्यांच्या पोटऱ्यांना कंप देऊन त्यांना डोळे मिटावयास सांगितलें. तीं माणसें मागें झुकूं लागलीं. पोटरी कंप पावली कीं ती ताणली जात आहे असा चातींचा समज होतो. पोटरी ताणली जाते ती शरीर पुढें झुकतांना. म्हणून मेंदु न झुकलेलें शरीर सांवरावयास जातो आणि तें मागें कलतें. ज्या वार्ताहरांवर मनुष्य जन्मभर विसंबतो, त्यांना एक क्षुद्र यंत्र फसवूं शकतें हें त्यावरून दिसून आलें.

पण हे सारे झाले प्रयोगशाळेंतील कंप. रोजच्या जीवनांत पायाच्या हाडाला थरथर पोंचते ती टांचेंतून. धावणाऱ्या मनुष्याची टांच जमिनीवर आदळली कीं त्याचा हादरा नडगींतून वर चढतो. १९९१ सालीं लाफोर्च्यून यांनीं एका मनुष्याच्या नडगीच्या हाडांतच खिळा बसवून व त्याला मापनयंत्र जोडून चालतांना व धावतांना बसणारे हे हादरे प्रत्यक्ष मोजले. कॅनडांतील कॅल्गरी येथील बेन्नो निग व जेम्स वेकलिंग यांनीं एकविसाव्या शतकाच्या आरंभीं या विषयाला नवें वळण दिलें. त्यांचें म्हणणें असें कीं, मांडीचें व पोटरीचें मांस हें हाडाला लटकलेल्या ओझ्यासारखें असून त्याला स्वतःचा एक ठराविक हेलकावा असतो. टांचेच्या हादऱ्याचा ताल आणि त्या हेलकाव्याचा ताल जुळला, तर मांस जोरानें थरथरूं लागेल. तें टाळण्यासाठीं टांच जमिनीला लागण्यापूर्वींच स्नायु किंचित् आवळले जातात, आणि त्यामुळें थरथर तेथल्या तेथें जिरते. तबलजी मैफलीपूर्वीं हातोडीनें गट्टे ठोकून तबला लावतो, तसेच हे स्नायु पावलागणिक लावले जातात असा हा सिद्धांत आहे. येथें स्नायु हाडाच्या हांकेला नुसतें उत्तर देत नाहीं. ती हांक यावयाची आहे हें ओळखून तो आधींच तयार राहतो.

याच सुमारास कंपाला पुन्हां एकदां बाजारांत मागणी आली. उभें राहिलें असतां पायांखालीं थरथरणारे चौथरे निघाले. १९९९ सालीं इटलींतील कार्मेलो बॉस्को यांनीं व्हॉलीबॉल खेळणाऱ्या स्त्रियांवर प्रयोग करून अशा कंपानें पायांचा जोर कांहीं काळ वाढतो असें दाखविलें. त्यानंतर २००१ सालीं अमेरिकेंतील क्लिंटन रूबिन यांनीं प्रसिद्ध केलेला प्रयोग अधिकच गाजला. मेंढ्यांना वर्षभर, आठवड्यांतून पांच दिवस, रोज वीस मिनिटें, सेकंदास तीस या गतीनें हळुवार कंप पावणाऱ्या चौथऱ्यावर उभें केलें असतां त्यांच्या मांडीच्या हाडांतील जाळीदार भागाची घनता शेंकडा ३४ नीं वाढली. या प्रयोगामागची कल्पना सुंदर होती. मनुष्य स्वस्थ उभा असतांही त्याचे स्नायु सूक्ष्म थरथरत असतात व ती थरथर हाडांना सतत पोंचते. ही गोष्ट तशी जुनीच. लंडन येथील वॉलस्टन यांनीं १८१० सालीं प्रसिद्ध केलेल्या व्याख्यानांत, आवळलेल्या स्नायूचा घरघर आवाज फरसबंदी रस्त्यावरून धावणाऱ्या गाडीच्या चाकांच्या आवाजाशीं ताडून पाहिला होता. म्हातारपणीं ही थरथर मंदावते. ती बाहेरून पुरविली तर हाडें ठिसूळ होण्याचें टळेल, अशी रूबिन यांची आशा होती.

म्हातारपणीं पाय घसरून मांडीचें हाड मोडणें म्हणजे अनेकांच्या बाबतींत अंथरूण धरणें होय. म्हणून ही आशा लहान नव्हती. परंतु मेंढीवरून मनुष्यावर अनुमान चालत नाहीं. टोरांटो येथें मासिक धर्म थांबलेल्या २०२ स्त्रियांवर वर्षभर हा प्रयोग झाला व त्याचें फळ २०११ सालीं प्रसिद्ध झालें. चौथऱ्यावर रोज उभ्या राहणाऱ्या स्त्रियांच्या हाडांची घनता, न उभ्या राहणाऱ्या स्त्रियांपेक्षां अधिक राहिली नाहीं.

स्नायूंच्या बाबतींतही जुनाच वाद नव्या वेषांत आला. चौथऱ्यावर उभ्या असलेल्या मनुष्याच्या पोटरींत जी विद्युत् टिपली जाते, ती खरोखर स्नायूची, कीं केवळ तारा हलल्यानें उमटणारी खोटी खूण? जर्मनींतील फ्रायबुर्ग येथील संशोधकांनीं २०१० सालीं दाखविलें कीं, खोटी खूण थोडी असून मुख्य भाग चातींच्या प्रतिक्षिप्त क्रियेचाच आहे. तरीही चर्चा संपली नाहीं. इस्तंबूल येथील इल्हान काराजान व त्यांचे सहकारी यांनीं मोजून पाहिलें तेव्हां, चौथऱ्यावरील कंपाला येणारें स्नायूचें उत्तर हें कंडरेवर दिलेल्या कंपाच्या उत्तरापेक्षां किंचित् उशिरा येतें असें त्यांना आढळलें. त्यावरून त्यांनीं असें सुचविलें कीं, चातींखेरीज दुसराही कोणी वार्ताहर असावा आणि तो हाडांतच, हाडाच्या जिवंत पेशींत असावा. म्हणजे हाड हें केवळ निरोप वाहणारें नसून स्वतः बोलणारें ठरेल. ही कल्पना अद्याप सर्वमान्य झालेली नाहीं. तिला अधिक पुरावा हवा आहे.

या साऱ्या इतिहासांत एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. १८७५ सालीं जो प्रश्न होता, त्याच जातीचा प्रश्न आजही आहे, आणि त्याचा न्यायाधीशही तोच आहे. उत्तर किती वेळानें आलें, यावरूनच तें कोणाकडून आलें हें ठरावयाचें. वॉलर यांचें घड्याळ अपुरें पडलें तेव्हां चुकीचा निवाडा झाला. पुढें चांगलें घड्याळ मिळालें तेव्हां तो फिरला. शार्को यांच्या खुर्चीची आणि मेंढ्यांच्या चौथऱ्याची गोष्टही अशीच आहे. बरें वाटलें हें पुरेसें नसतें. ज्यांना उपचार दिला नाहीं त्यांच्याशीं तुलना झाल्यावांचून त्याचें मोल कळत नाहीं. म्हणून थरथरणारा चौथरा विकत घेऊन म्हातारपणीं हाडें मजबूत करूं पाहणारानें एवढें समजून असावें कीं, हाडाची थरथर स्नायूला ऐकूं जाते व स्नायु तिला उत्तर देतो, हें पुरतें सिद्ध झालेलें आहे. पण त्या उत्तरानें म्हातारें हाड बळकट होतें, हें सिद्ध झालेलें नाहीं. चालणें, जिने चढणें आणि ओझें उचलणें यांनीं पायाच्या हाडाला जी हांक पोंचते ती फार जुनी आहे, आणि तिला कांहीं मोल द्यावें लागत नाहीं.